कार्ड हातात, नाव यादीत नाही: बूथवर नक्की काय होतं?

दर निवडणुकीला एक फॉरवर्ड फिरतो, तुम्हालाही आलाच असणार. त्यात असं लिहिलेलं असतं की यादीत नाव नसलं तरी घाबरू नका, आधार किंवा व्होटर कार्ड दाखवा आणि कलम ४९ए खाली चॅलेंज व्होट मागा. तुमच्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेला असेल तर टेंडर व्होट मागा. आणि एखाद्या बूथवर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले तर तिथे फेरमतदान होतं. खाली दोन हात जोडलेले आणि जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.

यातला पहिला मुद्दा साफ खोटा आहे, दुसरा खरा आहे पण त्याचा अर्थ लोकांना वाटतो तो नाही, आणि तिसरा कुणीतरी मनाने रचलेला आहे. निवडणूक आयोगाने हे खोटं असल्याचं सांगून झालंय तरी मेसेज काही मरत नाही. गंमत म्हणजे १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत ४९ए खरोखर आहे, पण तो आहे मतदान यंत्राची रचना कशी असावी याबद्दल. म्हणजे तुम्ही केंद्राध्यक्षाला ४९ए सांगून मत मागितलंत तर तुम्ही त्याला ईव्हीएमचं डिझाइन सांगताय.

आता हे वाचून हसू येतं, पण मतदानाच्या दिवशी दुपारी बूथबाहेर जे वाद होतात त्यातले बरेचसे याच फॉरवर्डच्या जोरावर होतात. माणूस रांगेत दीड तास उभा, हातात चकचकीत व्होटर कार्ड, मागच्या वेळी मत दिलेलं, आणि टेबलावरचा मास्तर म्हणतो यादीत नाव नाही. संताप येणारच ना! म्हणून हे सगळं प्रकरण एकदा नीट उलगडून बघू.

सगळ्यात आधी मुळातली गोष्ट. मत देण्याचा हक्क कार्डाने मिळत नाही, यादीने मिळतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२, त्यात सरळ म्हटलंय की ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नाही त्याला तिथे मत देता येणार नाही. व्होटर कार्ड, ज्याला सरकारी कागदात एपिक म्हणतात, ते फक्त सांगतं की यादीतला तो माणूस तुम्हीच. कार्डं आली १९९३ मध्ये, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना. त्याच्या आधी चार दशकं आपल्या निवडणुका या कार्डाशिवाय झाल्याच की. यादी मात्र पहिल्या निवडणुकीपासून आहे. त्यामुळे कार्ड आहे पण नाव नाही तर मत नाही, आणि नाव आहे पण कार्ड घरी राहिलंय किंवा हरवलंय तर मत देता येतं, दुसरं एखादं ओळखपत्र दाखवून. लोक नेमकं याच्या उलट समजून बसलेले असतात.

मग नाव जातं कुठे? बऱ्याचदा कुठेच गेलेलं नसतं, आपणच गेलेलो असतो. सातारचा माणूस नोकरीला पिंपरीत आला, भाड्याने राहिला, मग हिंजवडीत फ्लॅट घेतला, आणि नाव अजून साताऱ्यात. कायदा म्हणतो नाव तिथेच हवं जिथे तुम्ही सामान्यपणे राहता, आणि एका वेळी एकाच ठिकाणी. गावी घर आहे, सात-बारावर नाव आहे, एवढ्याने भागत नाही. बीएलओ, म्हणजे आपल्या बूथची यादी सांभाळणारा सरकारी माणूस, घरी येतो, शेजारी सांगतात ते तर कधीच गेले इथून, रीतसर प्रक्रिया होते आणि नाव कमी होतं. आणि नवीन ठिकाणी तर आपण घातलेलंच नसतं. मग मतदानाच्या दिवशी दोन्हीकडे नाही.

फॉर्मचं गणित लोकांना किचकट वाटतं पण तेवढं नाहीये. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्याने भरायचा. फॉर्म ८ म्हणजे बाकी जवळपास सगळं, पत्ता बदलला, मतदारसंघ बदलला, नावात चूक आहे, फोटो भलत्याचाच आहे, कार्ड हरवलंय, दिव्यांग म्हणून नोंद करायचीय. फॉर्म ७ नाव काढण्यासाठी किंवा एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलं की तिथेही फॉर्म ६ च भरायचे, ते २०२२ च्या ऑगस्टपासून बंद झालं, आता स्थलांतरालाही फॉर्म ८. हे माहीत नसल्यामुळे लोक घर बदललं की पुन्हा फॉर्म ६ भरतात, त्यात खाली प्रतिज्ञा असते की मी पहिल्यांदाच नाव नोंदवतोय, ती न वाचता सही ठोकतात आणि दोन ठिकाणी नाव होऊन बसतं. नोंदणीत जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे फॉर्मवरच छापलेलं असतं पण बारीक अक्षरात. बारीक अक्षर कोण वाचतं!

कागद काय लागतात, तर वयाचा एक आणि पत्त्याचा एक. आधार दोन्हीकडे चालतं. पत्त्याला लाइट बिल, पाण्याचं किंवा गॅसचं बिल, बँक पासबुक, पासपोर्ट, आणि भाड्याने राहत असाल तर रजिस्टर केलेलं ॲग्रीमेंट. नोटरीवर उरकलेलं नाही, रजिस्टर केलेलं. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरांना मोकळीक आहे, घरच्या पत्त्यावर नाव ठेवा किंवा हॉस्टेलच्या, पण दोन्हीकडे नाही. आणि आधार दिलंच पाहिजे अशी सक्ती नाही, कायद्यातच लिहिलंय की आधार देता आलं नाही म्हणून नाव नाकारता किंवा काढता येणार नाही.

वयाचं एक सांगायला हवं कारण घरोघरी याचा घोळ असतो. १९८९ च्या आधी मतदानाचं वय २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ झालं. पण १८ कधीपर्यंत पूर्ण? पूर्वी वर्षाला एकच तारीख होती, १ जानेवारी. म्हणजे ज्याचा वाढदिवस २ जानेवारी त्याला एका दिवसासाठी जवळपास वर्षभर थांबावं लागायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो, १८ पूर्ण झाल्यावर पुढची जी तारीख येईल तिला नाव चढतं. तेव्हा बारावीच्या पोराचा अर्ज आत्ताच भरून टाका, सीईटीच्या गडबडीत नंतर राहून जातं.

आणि शेवटची तारीख. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. कायदा सांगतो की उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की यादी गोठली, त्यानंतर कलेक्टरने ठरवलं तरी एकही नाव आत घालता येत नाही. प्रत्यक्षात त्याच्याही दहा दिवस आधी तुमचा अर्ज हवा, कारण मधे हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. २०२४ ची विधानसभा बघा. मतदान २० नोव्हेंबरला. अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर. म्हणजे नाव नोंदवायला मुदत होती १९ ऑक्टोबरपर्यंत, आणि निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला. जाहीर झाल्यावर बघू म्हणणाऱ्याच्या हातात चार दिवस होते, आणि त्या वेळी राज्याच्या यादीत साधारण नऊ कोटी सत्तर लाख नावं होती. आता तुम्हीच सांगा चार दिवसांत कोण तुमचा फॉर्म शोधून पुढे सरकवणार.

आता बूथच्या आत जाऊ. दारात शिरलं की पहिल्या टेबलावर मतदान अधिकारी क्रमांक एक, त्याच्यासमोर यादीची चिन्हांकित प्रत. तो तुमची चिठ्ठी बघतो, अनुक्रमांक शोधतो, ओळखपत्र बघतो आणि नाव मोठ्याने वाचतो. मोठ्याने का, तर शेजारी बाकावर वेगवेगळ्या उमेदवारांचे पोलिंग एजंट बसलेले असतात, त्यांच्याही हातात यादी असते, त्यांना ऐकू जायला हवं. कुणी काही बोललं नाही तर तुमच्या नावाच्या चौकटीवर लाल शाईची तिरकी रेघ. बाई असेल तर अनुक्रमांकाभोवती गोलही करतात, त्यावरून संध्याकाळी किती बायकांनी मतदान केलं हे मोजता येतं. दुसरा अधिकारी डाव्या हाताची तर्जनी बघतो, शाई लावतो, म्हैसूरच्या कारखान्यातली ती, आणि १७ए नावाच्या रजिस्टरमध्ये सही घेतो. त्यातल्या एका रकान्यात तुम्ही व्होटर कार्ड दाखवलं तर ईपी एवढंच लिहितात, दुसरं काही दाखवलं तर त्याच्या नंबरचे शेवटचे चार आकडे. तिसरा अधिकारी मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचं बटण दाबतो आणि मग तुम्ही पुठ्ठ्याच्या आडोशाला.

ओळखपत्रांत व्होटर कार्ड पहिलं. ते नसेल तर आयोगाने दिलेल्या यादीतलं कुठलंही एक चालतं, लोकसभा २०२४ ला अशी बारा होती. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट हे सगळ्यांना माहीत असतं. शिवाय फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटोवालं पेन्शनचं कागदपत्र, केंद्र-राज्य सरकार किंवा सरकारी कंपनीचं नोकरीचं ओळखपत्र, कामगार मंत्रालयाच्या योजनेचं आरोग्य विमा स्मार्ट कार्ड, जनगणना खात्याने दिलेलं स्मार्ट कार्ड, दिव्यांगांचं युडीआयडी, आणि खासदार-आमदारांची ओळखपत्रं. खाजगी कंपनीचा गळ्यातला आयडी नाही. कॉलेजचा आयडी नाही. रेशन कार्ड त्या यादीत नाही, आणि गावाकडे आजी-आजोबा नेमकं तेच पिशवीत घालून येतात, तेव्हा निघतानाच बघून घ्या.

आणि ती वोटर स्लिप, जी बीएलओ घरी देऊन जातो किंवा बाहेर टेबल टाकून बसलेले पक्षाचे कार्यकर्ते फाडून देतात, ती ओळखपत्र नाही. २०१९ पासून हे स्पष्ट आहे. चिठ्ठीचा उपयोग इतकाच की भाग क्रमांक आणि अनुक्रमांक पटकन सापडतो आणि रांग पुढे सरकते.

कार्डावरच्या बारीकसारीक चुकांना घाबरायचं कारण नाही. नावातला ऱ्हस्व दीर्घ, वडिलांच्या नावातलं एखादं अक्षर, जुना पत्ता, अशा गोष्टी सोडून द्या असं आयोगच सांगतो, ओळख पटली म्हणजे झालं. कार्ड दुसऱ्या मतदारसंघात मिळालेलं असलं तरी चालतं, फक्त इथल्या यादीत नाव पाहिजे. फोटोच जुळत नसेल तर मात्र दुसरं ओळखपत्र काढावं लागतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं जरा जास्त वेळखाऊ होतं, यादीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि आडनावच काय कधी कधी पाळण्यातलं नावही बदललेलं. अशा वेळी जुनं व्होटर कार्ड असेल तर तेच न्या, यादीशी तेच जुळतं. आणि सवडीने फॉर्म ८ भरून टाका.

आता तो चॅलेंज व्होट. फॉरवर्डमध्ये तो मतदाराने मागायचा असतो. खरा नियम ४९जे, आणि त्यात चॅलेंज तुम्ही करत नाही, तुम्हाला केलं जातं. म्हणजे तुमचं नाव यादीत आहे, अधिकाऱ्याने ते मोठ्याने वाचलं, आणि बाकावरचा एखादा एजंट उठून म्हणाला की हा तो माणूस नाहीच. मराठी प्रशिक्षणात याला आक्षेपित मत म्हणतात. एजंटने आधी दोन रुपये भरायचे, रोख. होय, दोन रुपये, १९६१ पासून तेवढेच आहेत, आणि त्याची पावती फाडतात. मग केंद्राध्यक्ष छोटीशी चौकशी करतो. आधी आक्षेप घेणाऱ्यालाच विचारतो की बाबा तुझ्याकडे पुरावा काय. त्याला काहीच दाखवता आलं नाही तर विषय तिथेच संपला. काही दाखवलं तर तुम्हाला विचारतो, गाव असेल तर पोलीस पाटलाला किंवा तिथे हजर असलेल्या कुणाला तरी विचारतो. तुम्ही खरे निघालात तर तुम्ही यंत्रावर नेहमीसारखं मत देता, आणि आक्षेप उगाच घेतला होता असं वाटलं तर ते दोन रुपये सरकारजमा. तुम्ही खोटे निघालात तर लेखी तक्रार करून तुम्हाला पोलिसांच्या ताब्यात देतात. दुसऱ्याच्या नावावर मत देणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या १७२ आणि १७४ मध्ये आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा. तर यात यादीत नाव नसलेल्या माणसाचा काही संबंधच नाही. नावच नाही तर आक्षेप कशावर घेणार.

टेंडर व्होट मात्र खरा आहे आणि तो माहीत असायलाच हवा. नियम ४९पी. तुम्ही गेलात, यादीत नाव आहे, पण त्यावर आधीच लाल रेघ. म्हणजे कुणीतरी तुमच्या नावावर मत देऊन गेलाय. अशा वेळी पहिल्यांदा शांतपणे बघायला लावा की चूक अधिकाऱ्याची तर नाही ना, कारण एकाच पानावर दोन विजय पाटील असतात, वरच्याच्या जागी खालच्यावर रेघ मारली जाते, मग १७ए रजिस्टरमधली सही बघून उलगडा होतो. तसं काही नसेल तर केंद्राध्यक्ष तुम्हाला प्रश्न विचारून खात्री करून घेतो की तुम्ही तेच, आणि मग तुम्हाला मत देऊ द्यावंच लागतं. नाही म्हणायचा त्याला अधिकार नाही. पण हे मत यंत्रावर नाही. १७बी नावाच्या यादीत तुमची सही घेतात आणि कागदी मतपत्रिका देतात, यंत्रावर असते तशीच, मागे प्रदत्त मतपत्रिका असं लिहिलेलं, प्रदत्त म्हणजेच टेंडर. तुम्ही आडोशाला जाऊन चिन्हाजवळ फुलीचा शिक्का मारायचा, घडी घालायची आणि ती पेटीत नाही तर केंद्राध्यक्षाच्या हातात द्यायची, तो ती वेगळ्या पाकिटात घालतो. त्याच्याकडे अशा मतपत्रिका वीसेकच दिलेल्या असतात, यावरूनच कळतं की हा प्रकार किती क्वचित अपेक्षित आहे.

आणि इथे लोकांचा हिरमोड होतो. ते पाकीट मतमोजणीच्या दिवशी उघडत नाहीत. तुमचं प्रदत्त मत मोजलं जात नाही. तुमच्या नावावरचं जे पहिलं मत, ते चोराचं असलं तरी यंत्रात गेलं ते गेलं, कारण ते मत कुठलं हे गुप्ततेमुळे शोधता येत नाही. मग पाकीट कशाला? तर कोर्टासाठी. निकाल अगदी थोडक्या मतांनी लागला, हरलेल्याने हायकोर्टात निवडणूक याचिका केली, तर ही पाकिटं कामाला येतात. राजस्थानात २००८ ला नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी एका मताने पडले, ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६. मग ही प्रदत्त मतं मोजायची का, किती मोजायची, यावर प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०११ मध्ये त्यावर निकाल आला. म्हणजे टेंडर व्होट हा तुमच्या रागावरचा उतारा नाही, तो पुरावा आहे की इथे बोगस मतदान झालं. म्हणूनच तो दिलाच पाहिजे असं मला वाटतं, मोजला जाणार नाही म्हणून परत फिरू नका. तुम्ही परत फिरलात तर सरकारी कागदावर तुम्ही मत देऊन गेलेले असता आणि सगळं व्यवस्थित पार पडलेलं असतं. १४ टक्के आणि फेरमतदान वगैरे मात्र कुठल्याही नियमात नाही.

आता एडिसन किंवा सॅन होजेमध्ये राहणारे आपले लोक, जे अमेरिकेचे नागरिक झालेत, ते म्हणतील आमच्याकडे तर नाव नसलं तरी मत देता येतं. बरोबर आहे, त्याला प्रोव्हिजनल बॅलट म्हणतात, आणि कदाचित आपल्याकडचा गोंधळ थोडाफार तिथून आलेला असावा. फ्लोरिडातल्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या गदारोळानंतर २००२ मध्ये हेल्प अमेरिका व्होट ॲक्ट आला, त्याने सांगितलं की माणूस म्हणतोय मी नोंदणी केलीय पण यादीत नाव दिसत नाही, तर त्याच्याकडून लेखी घ्या आणि मतपत्रिका द्या, ती वेगळ्या पाकिटात ठेवा, नंतर ऑफिसात तपासा, खरंच नोंदणी असेल तर मोजा. आणि आपलं मत मोजलं का हे त्या माणसाला नंतर फोनवर किंवा वेबसाइटवर कळलं पाहिजे. काही राज्यांत ओळखपत्र विसरलं तरी हेच, मग काही दिवसांत जाऊन ते दाखवायचं. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात तर बहुतेकांना बूथवर ओळखपत्र दाखवावंच लागत नाही. तिकडे पाकीट उघडतं आणि मत जमा होतं, इकडे पाकीट कोर्टाने सांगितल्याशिवाय उघडत नाही. आणि तिकडचं पाकीट यादीत नाव न सापडलेल्या माणसासाठी, इकडचं यादीत नाव असलेल्या माणसासाठी. दिसायला सारखं, काम पूर्ण वेगळं. मला विचाराल तर आपल्याकडेही चुकून नाव कापलं गेलेल्यांसाठी असं काहीतरी असायला हवं होतं, पण आज ते नाहीये, आणि बूथवरच्या मास्तरशी भांडून ते येणार नाही.

परदेशातल्यांचंच निघालंय तर, ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांना फॉर्म ६ए भरून गावच्या यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला इथे यावं लागतं आणि ओळख म्हणून मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. ओसीआयवाल्यांना, म्हणजे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढलेल्यांना, मत नाही.

आणखी एक यादी असते जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, एएसडी. अनुपस्थित, स्थलांतरित, मयत. बीएलओने घरोघरी जाऊन बनवलेली, केंद्राध्यक्षाच्या टेबलावर असते. तुम्ही बंद घरामुळे त्यात गेला असाल तर मुख्य यादीत नाव आहे पण त्यापुढे शंका आहे अशी अवस्था. मत देता येतं, फक्त केंद्राध्यक्ष स्वतः तुमचं ओळखपत्र बारकाईने बघतो आणि सहीबरोबर अंगठाही घेतो. मयत लिहिलेला माणूस समोर उभा राहिला तरी हेच. त्यावर आवाज चढवू नका, आधीच ते लोक पहाटेपासून तिथे आहेत.

महापालिका, नगरपालिका, झेडपीचं थोडं वेगळं. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, केंद्राचा आयोग नाही, पण यादी मात्र विधानसभेचीच वापरतो, ती प्रभागांत तोडून. राज्य आयोग स्वतःहून नवीन नाव घालू शकत नाही. म्हणून प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हा, माझं नाव शेजारच्या प्रभागात गेलंय ते इकडे घ्या, असं म्हणता येतं, पण माझं नाव विधानसभेच्याच यादीत नाही ते घाला, असं म्हणून चालत नाही. २०२५ च्या शेवटी झालेल्या निवडणुकांत दुबार मतदारांवरून बरंच रान पेटलं होतं, तेव्हा आयोगाने संशयित दुबार नावांपुढे दोन तारे छापायला लावले. तारे असले म्हणजे नाव कापलं असं नाही. तुम्ही कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधी कळवायचं, कळवलं नसेल तर केंद्रावर हमीपत्र लिहून द्यायचं की दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही. गोव्यात मात्र २०२५ च्या नोव्हेंबरपासून वेगळंच काम सुरू झालं, तिथे केंद्रीय आयोगाने विशेष सखोल पुनरीक्षण घेतलं, म्हणजे घरोघरी फॉर्म वाटून सगळी यादीच पुन्हा तपासायची.

नाव कमी करायचं असलं तर ते गुपचूप करता येत नाही, नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं. पण नोटीस जुन्या पत्त्यावर जाते हा खरा त्रास. चुकीने कापलं असं वाटलं तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे अपील, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे.

राहिला मतदानाचाच दिवस. टेबलावर नाव सापडलं नाही तर लगेच घरी जाऊ नका. एकाच शाळेत पाच-सहा खोल्या म्हणजे पाच-सहा वेगळे भाग असतात, आपली खोली दुसरीच असू शकते. यादी अआइईने लावलेली नसते, घरांप्रमाणे असते, त्यामुळे नावाने शोधणारा गोंधळतो. फोनवर आयोगाच्या पोर्टलवर किंवा ॲपवर जाऊन नावाने शोधू नका, यादीत गायकवाडचं काय झालेलं असेल सांगता येत नाही, कार्डावरचा एपिक नंबर टाका, म्हणजे भाग आणि अनुक्रमांक लगेच येतो. नाहीतर १९५० वर फोन, किंवा आवारात बीएलओ यादी घेऊन बसलेला असतो त्याला गाठा. वेळ संपत आली असेल तर काळजी नको, मतदानाची वेळ संपण्याच्या ठोक्याला जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना चिठ्ठ्या मिळतात, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे, म्हणजे मागून कुणी घुसू नये, आणि त्यांचं मतदान झाल्याशिवाय बूथ बंद होत नाही.

एवढं करूनही नाव नसेल तर त्या दिवशी काही होणार नाही. निकाल लागून आचारसंहिता उठली की नोंदणीचं काम नेहमीसारखं चालू असतं, तेव्हा आधी जुन्या ठिकाणी नाव जिवंत आहे का ते एपिक नंबरने बघा, असेल तर फॉर्म ८, पार गेलेलं असेल तर बीएलओला किंवा तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत विचारून फॉर्म ६, आणि अर्जाचा रेफरन्स नंबर स्क्रीनशॉट काढून ठेवा.